नापास होण्याची परीक्षा

आमच्या ऑफिसात दोनच गोष्टी साचतात. भरलेले फॉर्म आणि किस्से. फॉर्म दर तीन वर्षांनी रद्दीवाला घेऊन जातो. किस्से न्यायला अजून कुणी आलेलं नाही, म्हणून ते मी असे चहाच्या वेळी तुमच्या माथी मारते.

आधी धंदा सांगते. आम्ही गरिबी मोजतो!

हसू नका, खरंच मोजतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याच्या माडीवर आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. खाली माग खडखडतात, वर आम्ही. माणसं चार. माने सर हे प्रमुख. मल्लिनाथ अक्कलकोटकडचा, एकाच वाक्यात कन्नड आणि मराठी बोलून दोन्हीकडच्या माणसाला गार करणारा. पद्मा विणकरांच्या घरातली, तेलुगू घरं तिच्याकडे. आणि मी कांबळे. भांडण झालं की मला पुढं करतात.

काम असं की, टॅब घेऊन घरोघरी जायचं आणि साठ प्रश्न विचारायचे. पंखा असला की मार्क, फरशी असली की मार्क, गाडी असली की जास्त मार्क. शेवटी टॅब बेरीज करतो. मार्क कमी पडले तर तुम्ही अतिगरीब, तुम्हाला संस्थेकडून दोन शेळ्या. मार्क जास्त पडले तर रामराम. लोक नापास होण्यासाठी अभ्यास करतात अशी जगात ही एकच परीक्षा असेल!

एका मार्कानं शेळ्या जातात हो. ज्या बाईच्या जातात तिचं तोंड आम्हाला बघावं लागतं, टॅबला नाही. म्हणून आम्ही हसतो. नाहीतर हे काम दुसऱ्या दिवशी करवत नाही.

*

पहिला किस्सा मंद्रूपकडचा.

तिथल्या एका गल्लीचा सर्व्हे मल्लिनाथनं केला. चौदा घरं. पंधरा दिवसांनी पुण्याच्या मुख्य ऑफिसातून माने सरांना फोन! अभिनंदनाचा! "तुमच्या त्या गल्लीत परिस्थिती फारच सुधारलेली दिसते. प्रत्येक घरात खुर्ची आहे. शेळ्यांची गरजच नाही."

सर खूश. मला मात्र शंका आली, कारण त्या गल्लीत मी एकदा पाणी मागितलं होतं तर तांब्या शेजारून आणावा लागला होता. मी टॅबमधले फोटो उघडले. चौदा घरं, चौदा खुर्च्या. सगळ्या लाल. सगळ्या प्लास्टिकच्या. आणि सगळ्यांचा डावा हात मोडलेला!

झालं असं होतं, की गल्लीत खुर्ची एकच, किराणावाल्याची. साहेब आलाय, खाली कसा बसवायचा? म्हणून मल्लिनाथ एका घरातून उठला की पोरं खुर्ची डोक्यावर घेऊन मागच्या बाजूनं पुढच्या घरात पोचवायची. हा दारातून आत जातो तर खुर्ची हजर. हा बसतो आणि टॅबवर लिहितो, 'खुर्ची : आहे.'

"अरे, पण मोडका हात तुला दिसला नाही?" मी विचारलं.

मल्लिनाथ शांतपणे म्हणाला, "दिसला की मॅडम. मला वाटलं, सेलमध्ये घेतल्या असतील सगळ्यांनी."

त्यावर सरांनी ऑर्डर काढली : यापुढं सर्व्हेला गेल्यावर जमिनीवरच बसायचं. आम्ही परत त्या गल्लीत गेलो आणि पहिल्याच घरात फतकल मारून बसलो. घरातली म्हातारी भडकली ना! "आमच्या घरात बसायला न्हाय असं लिवनार व्हय तुमी? उटा! खुर्ची येतीया, तवर दारात हुबं र्‍हावा!"

*

दुसरा अकलूजकडचा. तिकडं ऊस, त्यामुळे माणसं गोड आणि बंगले दुमजली. तिथं आमची शेळ्यांची यादी व्हायचीच नव्हती, पण पुण्याच्या ऑफिसला 'तुलनेसाठी' पाच-पन्नास घरं हवी होती. ही तुलना वगैरे कुणाला कळते? शेळ्या वाटतात, एवढंच गावात पोचलं होतं. आणि फुकट ते पौष्टिक!

एका बागाईतदारांनी मला बंगल्याकडं फिरकूच दिलं नाही. फाटकावरच अडवून सरळ मागच्या गोठ्यात घेऊन गेले. तिथं एक बाज टाकलेली, बाजेवर मुद्दाम हुडकून आणलेली फाटकी वाकळ. स्वतःही मळका बनियन घालून आलेले. बनियनवर सोन्याची चेन तशीच राहिली होती, तेवढं विसरले.

"हितंच र्‍हातो आमी, ताई. बंगला भावाचा हाय."

"बरं," मी म्हटलं आणि टॅब उघडला. "राहत्या घरात पंखे किती?"

माणूस सवयीनं बोलून जातो हो. म्हणाले, "सा. आन् वरनं पान्याचे फवारे. त्याबिगर गाया दूध देत न्हाईत उन्हाळ्यात."

"फरशी?"

"खाली रबरी मॅट हाय की, इंपोर्टेड."

"दिवसभर वीज असते?"

"इन्व्हर्टर हाय!" आणि मग एकदम जीभ चावली.

मी सगळं इमानदारीनं भरलं. गृहस्थ पास झाले. तेही गायींच्या मार्कांवर!

*

आमचा टॅब कुठं बनला देव जाणे, पण बनवणाऱ्यानं सोलापूर पाहिलेलं नव्हतं, हे नक्की. त्यात एक प्रश्न होता : 'घरात दोन दिवसांपेक्षा जुनं शिजवलेलं अन्न खाल्लं जातं का?' हो म्हटलं की मार्क एकदम तळाला. म्हणजे घरात उपासमार.

आता सोलापुरात या प्रश्नाला नाही म्हणणारं घर दाखवा! कडक भाकरी कुठल्या घरात नाही? ज्वारीची पातळ भाकरी करायची, वाळवून खडखडीत करायची आणि थप्पी लावून महिनाभर खायची. गरीब खातो, सराफ खातो, डॉक्टर खातो. लोकांनी खरं सांगितलं. आमच्या नकाशावर निम्मं शहर लालभडक झालं!

पुण्याहून एक साहेब तातडीनं आले. चेहरा असा, की जणू दुष्काळी दौऱ्यावर निघालेत. माने सरांनी आधी त्यांना जेवायला बसवलं. शेंगाचटणी, दही, कांदा आणि कडक भाकरी. साहेबांनी एक मोडली, दुसरी मोडली, तिसरीला हात घातला. "वा! कधी केली ही?"

पद्मा म्हणाली, "मागच्या महिन्यात, सर."

साहेबांचा घास तोंडातच थांबला. तेवढ्यात मल्लिनाथनं पिशवीतून टॅब काढला, मांडीवर घेतला आणि गंभीरपणे पहिला प्रश्न विचारला, "सर, आपल्या कुटुंबात माणसं किती?"

*

पद्माचा एक छोटासा.

विडी वळणाऱ्या एका आजींकडं ती गेली. आजी उंबऱ्याशी बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू. बोटं चाललेली.

"आजी, काय काम करता?"

"काम कुटलं? घरीच असतो की." बोटं चाललेलीच.

टॅबमध्ये घरी असणाऱ्यासाठी एकच खाना : 'काम करत नाही.' तो दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येत नाही. पद्माच्या आईनंही जन्मभर विड्याच वळल्या. ती ते बटन दाबायला तयार होईना. दहा मिनिटं टॅबशी भांडली, सरांना फोन केला, सरांनी पुण्याला केला, पुण्यानं सांगितलं की पुढच्या वर्षी बघू. शेवटी रागारागानं दाबलं.

साठ प्रश्न संपायला तास गेला. पद्मा उठली तेव्हा आजींनी सुपाकडं बघितलं आणि विचारलं, "तुमचे प्रश्न साट झाले, माझ्या विड्या शंभर झाल्या. ह्याचा पगार देत्यात व्हय तुमाला?"

*

आता मल्लिनाथचा दुसरा. त्याचे पुष्कळ आहेत, पण बिचाऱ्याला नोकरी टिकवायची आहे.

दक्षिण सोलापूरच्या माळावर एक मेंढपाळ भेटले. पटका, घोंगडी, हातात काठी, आणि मागं सगळा माळ हलतोय एवढी मेंढरं. मल्लिनाथनं विचारलं, "मामा, मेंढरं किती?"

"आसत्याल."

"नाही, आकडा सांगा."

"मेंढरं मोजू न्हाईत. दिष्ट लागती."

"अंदाजे सांगा."

मामांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुला पोरं किती?"

"दोन."

"नगं, अंदाजे सांग!"

मल्लिनाथनं तो प्रश्न सोडून पुढचा उघडायला बघितलं. पण टॅब आकड्याशिवाय हलेना. आणि मनातून त्यालाही वाटत होतं, आपल्यामुळे दृष्ट लागून एखादं मेलं तर? हातात टॅब असला तरी शेवटी त्याचाही आजा मेंढकाच. त्यानं डोळे मिटून शून्य टाकलं!

घर पक्कं नाही, वीज नाही, नळ नाही, जनावर शून्य. टॅबनं मामांना यादीत पहिला नंबर दिला. तालुक्यातला सगळ्यात गरीब माणूस!

माने सर स्वतः दोन शेळ्या घेऊन टेम्पोनं माळावर गेले. सोबत हार, नारळ, फोटोवाला. टेम्पोतून उतरले आणि समोरचा तो माळ बघून तसेच उभे राहिले. मामा पुढं आले. सरांकडं लक्षच नाही. त्यांनी शेळ्यांचे जबडे उघडून दात बघितले आणि फार हळहळून म्हणाले, "साहेब, कुनी दिल्या ह्या? म्हाताऱ्या हायत की! लई फसवलं तुमाला."

*

आमच्या जिन्याखाली एक चहावाले बसतात. महिन्यातून एकदा तरी सरांना विचारतात, "काय सर, संपली का गरिबी?"

सर म्हणतात, "हळू बोला. संपली तर आम्ही काय करायचं?"

एकदा काम नव्हतं, टॅब चार्ज होते. पद्मा म्हणाली, आपलेच फॉर्म भरून बघू. आम्ही तिघांनी एकमेकांना साठ प्रश्न विचारले. खूप हसलो. मल्लिनाथ दहा मार्कांनी वर निघाला, मोटारसायकलीमुळे. मी तीन मार्कांनी वर, आणि ते तीन माझ्या नवऱ्यानं हप्त्यावर घेतलेल्या कूलरचे. पद्मा दोन मार्कांनी खाली.

"शेळ्या कुठं बांधू? तिसऱ्या मजल्यावर राहते मी," ती म्हणाली आणि परत हसलो. सर आतून आले, स्क्रीन बघितला आणि स्वतःच्या हातानं तो फॉर्म डिलीट केला. नियमच आहे, स्टाफ चालत नाही. मला त्या दिवशी सरांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

*

आणि आता ज्यासाठी तुम्ही इतका वेळ बसलात तो.

यादी तयार झाली की आमच्याकडं एक पद्धत आहे. ज्याचं नाव यादीत लागलं त्याच्या घरी गुलाबी चिठ्ठी जाते. मग ठरलेल्या सोमवारी गावागावांत चावडीवर माइक लावून यादी वाचायची. अमुक अमुक, अतिगरीब, दोन शेळ्या. कुणी खोटं घुसलं असेल तर गावासमोर कळावं, हा हेतू. त्याआधीच्या शनिवारपर्यंत तक्रार घेऊन ऑफिसात यायचं. तक्रार नेहमी एकच असते, आमचं नाव का नाही? अकरा वर्षांत मी दुसरी ऐकली नव्हती.

त्या शनिवारी अकराच्या सुमाराला कमलबाई आल्या. मंद्रूपच्या पुढच्या एका वाडीतल्या, नवरा नाही, मजुरीवर घर. अंगावर ठेवणीतलं पातळ, घडीच्या रेषा अजून दिसत होत्या. माझ्यासमोर गुलाबी चिठ्ठी ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, माजं नाव काडा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "काढा? शेळ्या नकोत?"

"पायजेत की! लई पायजेत. दोन वर्सं झाली, शेळीसाटी जीव तुटतोय माजा." त्यांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "पर पोरीचं जमतंय. पाव्हणं बगून गेले, पसंती आली. येत्या गुरवारी सुपारी फोडायची. आन् सोमवारी तुमी माइकवर सांगनार, कमलबाई अतिगरीब! पाव्हण्यांची बहीन शेजारच्याच गावात दिलीया. दुपारपातूर तितं कळंल. असल्या घरातली पोरगी कोन करंल?"

"सांगितलं नाही त्यांना, परिस्थिती कशी आहे ते?"

"बगायला आले तवा शेजारनीची भांडी मांडली हुती. तिचा टीवीबी आनला हुता. वायर न्हवती, नुसताच ठेवला."

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, त्यांची मर्जी, अर्ज लिहून घ्या. मी कागद पुढं ओढला. खरं सांगते, माझ्या हातानं मी त्या बाईच्या दोन शेळ्या खोडत होते.

निम्मा अर्ज झाला आणि दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरं धोतर, टोपी, हातात तीच गुलाबी चिठ्ठी. यांना मी ओळखलं नाही, पण ते कशाला आलेत हे पद्मानं लगेच ओळखलं आणि माझ्या कानात सांगितलं. आदल्याच दिवशी तिला फोन आला होता, दुसऱ्या गावच्या भीमरावांचा. "म्याडम, पोराचं लगीन जमतंय, आमचं नाव यादीतनं काडा." तिनं सांगितलं होतं, उद्या ऑफिसात या.

त्यांनी आत बघितलं. कमलबाईंनी मागं वळून बघितलं.

गुलाबी चिठ्ठी सर्रकन धोतराच्या सोग्यात गेली! इकडं टेबलावरची कमलबाईंच्या तळव्याखाली.

"अगंबया! पाव्हणं! तुमी हितं कुटं?"

"आँ... तुमी कुटं हितं?"

कमलबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "हे लोक गोरगरिबांसाटी लई काम करत्यात. म्हनलं, वाटंत हाय, थोडी देनगी द्यावी."

"आमीबी त्याच्यासाटीच की!" भीमराव म्हणाले. "दरसाल देतो आमी!"

आता यात आम्ही काय बोलणार? आमच्या संस्थेला अकरा वर्षांत कुणी हातावर रुपया ठेवलेला नाही. पावतीपुस्तकसुद्धा नाही. पण माने सर तसे मोठ्या मनाचे. खुर्चीतून उठले, दोघांना हात जोडले आणि म्हणाले, "पद्मा, लेटरहेडवर पावती कर."

कमलबाईंनी पदराची गाठ सोडली, एक घडी घातलेली पन्नासची नोट काढली आणि टेबलावर ठेवली. परतीच्या एसटीचे पैसे त्यातच होते, हे मला दिसत होतं. भीमरावांना मुलाकडचे म्हणून पन्नासवर थांबता येईना. ते भिंतीकडं वळले. बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून रुमाल, रुमालातून दहादहाच्या पाच नोटा. त्या सारख्या केल्या, परत एकदा चाचपल्या. मग वरचा रुपया शोधायला लागले. बंडीचा एक खिसा, दुसरा, पिशवीचा तळ. एवढ्या वेळात पद्मानं अख्खी पावती लिहून संपवली. रुपया शेवटी टोपीच्या घडीत सापडला.

"एक्कावन," ते म्हणाले आणि घाम पुसला.

सरांनी चहा मागवला. दोघं एकमेकांना बशी पुढं करत प्यायले. यंदा पाऊस कसा, बस किती वाजता, असं बोलणं झालं. दोघंही पावती घडी करून नीट ठेवून सोबतच जिना उतरले. कमलबाईंचा अर्ज माझ्यासमोर निम्माच. भीमरावांनी तर अर्जाचं नावही काढलं नव्हतं.

"आता दोघांची नावं काढायची का ठेवायची?" पद्मानं विचारलं. सरांनी खिडकीतून बाहेर बघत नुसती मान हलवली. त्यातून काय समजायचं ते कुणालाच कळलं नाही.

दहा मिनिटांत कमलबाई धापा टाकत परत आल्या. एकट्याच. "पिशवी र्‍हायली म्हनून सांगून आले, पाव्हणं खाली थांबल्यात," असं कुजबुजून त्यांनी तो निम्मा अर्ज माझ्यासमोरून उचलला आणि टराटरा फाडला.

"अहो, हे काय? सोमवारी चावडीवर वाचतील की! पाहुण्यांना कळेल!"

"कळू द्या," कमलबाई म्हणाल्या. त्यांचं तोंड असं फुललं होतं, की मी बघतच राहिले. "रुपया हुडकताना पाव्हण्यांना बगितलं न्हाय व्हय तुमी? आमच्यासारकंच घर हाय, ताई. पोरगी दिली म्या!"